तीन तासांच्या आत

“मामा, त्या बाईला ओलांडा! पळा पुढं!”

मी इतक्या जोरात ओरडले की जालना रोडवरच्या दूधवाल्यानं गाडी थांबवून बघितलं. पण कडुबामामा पुढं जाईनात. आमच्यापुढं एक बाई लंगडत चालली होती. पोटरीत गोळा आलेला, तोंड रडवेलं. मामा तिच्या चार पावलं मागं, तिच्याच चालीनं.

माझ्या घड्याळात दोन तास पंचवीस मिनिटं झाली होती आणि अजून चार किलोमीटर बाकी होते. मामांनी तीन तासांच्या आत पोचायचं, तरच आमच्या संघातल्या सुकेशनीचं ऑपरेशन.

मामा आमच्या शाळेचं मैदान सांभाळतात. मूळचे सोयगावकडचे, पंचविशीपर्यंत मेंढरांमागं हिंडलेले. गेल्या उन्हाळ्यात मैदानावर मारायला पाणीच नव्हतं. टँकर सगळे बायपासच्या नव्या इमारतींकडं वळलेले. माती फरशीसारखी झाली, आणि आम्हाला तर रग्बीची मॅच हवीच होती! सरांनी विचारलं, “कडुबा, चालंल का आज मैदान?” आमचे पडलेले चेहरे बघून मामा म्हणाले, “चालंल की.” दुसऱ्या हाफात सुकेशनी पाठीवर आपटली, ती उठलीच नाही. कमरेखाली सगळं गार. तेव्हापासून ते ‘चालंल की’ मामांच्या घशात अडकलंय.

तिच्यासाठी एकवीस किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये पळून पैसे जमवायचे, ही कल्पना माझी. हजेरीलाही पुटपुटणारी मी, प्रार्थनेनंतर माइक धरून दहा मिनिटं बोलले! पाहुणे होते काकासाहेब, बांधकामवाले. ते हसत म्हणाले, “पोरी तर पळतीलच. तुमचे हे कडुबा तीन तासांत पळून दाखवू देत, ऑपरेशन माझ्याकडं लागलं.” सगळे खो खो हसले. मामा तेवढे हसले नाहीत. “पळतो,” म्हणाले. छप्पन्न वर्षांचा माणूस चार महिने रोज पहाटे मैदानाला चकरा मारत होता, आणि घड्याळ धरून मी.

आणि आता हे!

“मामा, अहो मागून अॅम्ब्युलन्स येतीय तिला न्यायला!”

“येऊ दे की. आली का निघतो.”

“तवर टाइम संपंल!”

“लंगडं मागं टाकून कळप हाकत नसतेत, सायले. लांडगा नेतो.”

“इथं जालना रोडवर कुठला आलाय लांडगा?” मला रडूच फुटलं. “तिकडं सुकेशनी वाट बघतीय!”

मामांचा चेहरा पिळवटला. “ठावं हाय गं मला. पर पाय जाईनात तिच्या म्होरं. काय करू?”

ती बाई वळून म्हणाली, “काका, तुम्ही जा हो. मी बसते इथंच.”

“बसू नगंस, माय. बसलीस का गोळा आवळतो. चाल, हाय मी.”

अॅम्ब्युलन्स आली तेव्हा पंधरा मिनिटं गेली होती. मग मात्र मामा पळाले. चार महिन्यांत कधी पळाले नव्हते तसे. सेव्हन हिलच्या पुलावर त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी पंधरा वर्षांची, तरी मला त्यांना गाठता येईना.

तीन तास चार मिनिटं.

“थोडक्यात गेलं की, कडुबा!” काकासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. “पण शब्द म्हंजी शब्द.”

“अहो, पण ते एका बाईसाठी—”

मामांनी माझं मनगट दाबलं. “नगं, पोरी. ते तीन तासच म्हनले व्हते.”

घरी न जाता आम्ही रिक्षानं पुंडलिकनगरला गेलो. सुकेशनी कॉटवर पडून होती. मामा भिंतीला टेकून खाली बसले. मी काहीतरी रचून सांगणार, तेवढ्यात तेच म्हणाले, “चार मिन्टं उशीर झाला, माय.” आणि सगळं सांगितलं. स्वतःची बाजू न घेता.

सुकेशनीनं मान वळवून मामांकडं बघितलं.

“ती बाई पोचली का नीट?”

“गाडीत बसली. पुढचं नाय ठावं.”

“बरं,” ती म्हणाली.

मामा उठायला गेले, पण मांड्या धरल्या होत्या. दोनदा प्रयत्न केला, जमेना. सुकेशनीनं कॉटवरून हात खाली सोडला. पडल्यापडल्या त्यांना उठवण्याइतकं बळ त्या हातात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मामांनी तो धरला आणि तसेच बसून राहिले.