घरचा पत्ता: आचरा

"कागद सगळे बरोबर आहेत ना, मॅडम? मग अडलंय कुठे?"

काउंटरपलीकडच्या माणसाने तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. मेल्विनाने आधारची प्रत पुन्हा उचलली. गुरुदास घाडी, आचरा. फोटो याचाच, जन्मतारीख जुळलेली, डुप्लिकेट सिमसाठी फोन चोरीला गेल्याची तक्रारही जोडलेली. अंगठ्याचं मशीन मात्र सकाळपासून बंद होतं, म्हणून तिने कंपनीच्या साहेबांना विचारलं होतं. बावीस वर्षं ती मालवणात सिमकार्डं विकत होती. डुप्लिकेट सिम भलत्याच्या हाती पडलं की जुनं मुकं होतं, बँकेचे ओटीपी नव्यावर येतात आणि मूळ मालकाला कळेपर्यंत खातं साफ होतं, हे तिने एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "अंगठ्याचं मशीन बंद असेल तर कागदांवर द्या. तुमचा तो चौकशी आयोग पुरे झाला, मेल्विना. नाहीतर एक तारखेपासून तिथे दुसरी मुलगी बसेल."

नोकरीवर आलं की भल्याभल्यांचं अवसान गळतं. तिचंही गळलं. तरी हसून तिने विचारलं, "फोन गेला कुठून?"

"घरातूनच. रात्री उशाशी होता, सकाळी गायब."

"आचऱ्यातल्या घरातून?"

"हो तर! आत्ता तिथूनच येतोय. आईने घावणे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही."

मेल्विनाने पेन खाली ठेवलं. आचऱ्याची गावपळण सुरू होऊन आज दुसरा दिवस. देवाचा कौल झाला आणि अख्खा गाव, गुराकोंबड्यांसकट, तीन रात्रींसाठी वेशीबाहेर झोपड्यांत राहायला गेला होता. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कोणी मागे राहत नाही. आचऱ्याचीच मेल्विना सकाळी तसल्याच झोपडीतून कामावर आली होती. आणि या शहाण्याची आई ओसाड गावात घावणे घालत होती!

तिने कागद खणात टाकून कुलूप लावलं आणि फॉर्मवरचा, चोरीला गेलेल्या फोनचा नंबर स्पीकरवर लावला. पलीकडे कोंबडा आरवला.

"गुरुदास घाडी मां? तुमचो फोन खंय आसा?"

"माझ्या कानाक आसा! कोण गो तू?"

माणूस दाराकडे धावला. "धरा रे तेका!" मेल्विना अशी गरजली की नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी त्याला पायरीवरच आडवा केला. पोलीस घेऊन गेले तेव्हा अख्खी बाजारपेठ तिच्या काउंटरपुढे जमली होती, आणि मेल्विनाला मनापासून आनंद झाला होता.

साहेबांचा पुन्हा फोन आला. "अर्ज नाकारल्याचं कारण लिहावं लागेल, मेल्विनाताई."

ताई! बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'अर्जदार आचऱ्यातील घरातून आल्याचे सांगतो. आज आचऱ्यात घरी कोणीही नाही.' खाली पूर्ण नावाची सही केली.

मग डबा उघडला. झोपडीतल्या चुलीवरचे घावणे अजून मऊ होते.