खादाडबुवाचं तेरावं पान

त्या शुक्रवारी मासळीबाजारात जायचं मनासेंच्या अगदी जिवावर आलं होतं. पाय दुखत होते हे खरंच. पण पाय गेली चार वर्षं दुखतच होते आणि तरी दर शुक्रवारी ते पनवेलच्या बाजारात जातच होते. संध्याकाळी शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू होताना ताटात मासा हवा, तोही खवल्यांचाच, हा घरचा नेम. बायको एलिशेवा गेल्यावर एकट्याच्या ताटासाठीही त्यांनी तो मोडला नव्हता. आज मात्र मासळीवाल्या गंगाबाईसमोर उभं कसं राहायचं, तेच त्यांना कळत नव्हतं.

भानगड पुस्तकाची होती. कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांवर शिक्के मारून झाल्यावर मनासेंनी भीतभीत स्वतःचं एक केलं होतं. बारा पानांचं, हातानं रंगवलेलं, मध्ये दोन पिना मारलेलं. खांदा कॉलनीतल्या बालवाडीच्या विनिताबाईंना मुलांना खताची गोष्ट सांगायची होती. मनासेंनी बालवाडीमागच्या खताच्या निळ्या पिंपाला डोळे काढले, मिशा काढल्या आणि नाव ठेवलं खादाडबुवा. तिसऱ्या पानावर बुवा आ वासून म्हणायचा, ‘घरी चिरून-निवडून जे उरेल ते मला द्या! मी कशालाच नाही म्हणत नाही!’ की मुलं मटारची टरफलं, केळ्यांची सालं घेऊन पिंपाकडे धावायची.

समृद्धीही धावली. ती गंगाबाईची नात, पाच वर्षांची. तिच्या घरी चिरून जे उरलं होतं ते तिनं डबाभर आणलं आणि बुवाच्या तोंडात रिकामं केलं : बोयट माशांची आतडी, कल्ले, खवले. पुढे दोन दिवस सुट्टी. सोमवारी पिंपावर माश्यांचे थवे, आत अळ्या, भोवती चार मांजरं आणि दारात सोसायटीचे लोक.

“कुणी टाकलं हे?” विनिताबाईंनी वर्गात विचारलं.

समृद्धीनं ऐटीत हात वर केला. मुलांनी नाकं धरली. “शी! वासाडी!” अथर्व ओरडला. बाईंनी तिला सगळ्यांसमोर नळाशी नेऊन साबणानं दोनदा हात धुवायला लावले.

मनासे तिथेच, भिंतीशी लहान खुर्चीवर बसले होते. ‘पुस्तकातच तसं लिहिलंय’ एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवसापासून समृद्धी बालवाडीत आली नाही.

तीस वर्षं ते गंगाबाईकडूनच मासा घेत होते. तो साफ होऊन, तुकडे होऊन घरी यायचा. उरायचं ते तिच्या कोयत्याशी, तिच्या पाटीत. ‘चिरून जे उरेल’ असं लिहिताना मनासेंच्या डोळ्यांपुढे फक्त स्वतःच्या घरचा ओटा होता. पुस्तकं वाचून पुस्तक लिहिलं की असंच होतं, असं ते आठवडाभर स्वतःला ऐकवत होते.

“या मनासेभाऊ,” गंगाबाईनं वर न बघता म्हटलं. “बोयटं हायत खाडीची. खवल्यांची. तुमच्या देवाला चालतील.”

“समृद्धी येत नाही…”

“नाय येत. तीनदा अंगाला साबण लावते नि मला विचारते, आजी, गेला का वास? तिचा बाप रात्रपाळी करून जासईवरून येतो, त्याला पन विचारते.” कोयता चालूच होता. “तुमच्या बुवाला मासळी चालत नाय तर आधी सांगायचं ना! माळकरी हाय काय तो?”

शेजारची कोळीण खो-खो हसली.

“चूक माझी आहे,” मनासे म्हणाले. “पुस्तकात होतं तेच तिनं केलं. मी तिथे बसलो होतो, पण बोललो नाही.”

कोयता थांबला. “मग ते मला सांगून काय उपेग? मी काय तिला वासाडी बोलले?”

 मनासेंनी तिच्या पाटीकडे बघत विचारलं, “तुम्ही या घाणीचं काय करता?”

“इथं पालिकेची गाडी नेते. पन आमच्या उरणच्या घरी माड होते ना, त्यांच्या बुंध्याशी पुरायचो. कमरेएवढा खड्डा, वर राख, वर सुका पाला, वर माती. कुत्र्याला पन पत्ता लागत नाय. नि नारळ बघाल तर हे एवढे!”

“सोमवारी तिला बालवाडीत घेऊन याल? पाच मिनिटं.”

“बघते. शब्द नाय देत.”

शनिवार शब्बाथचा, हातात पेन्सिल धरायची नाही. तो सगळा दिवस मनासेंनी तेरावं पान मनातल्या मनात काढलं आणि खोडलं. रविवारी काढलं ते मनातल्याहून वाईट आलं.

सोमवारी विनिताबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, “काका, तो विषय आता नको. पिंप उद्या उचलणार आहेत.”

“पाचच मिनिटं,” मनासे म्हणाले.

दहा वाजून गेले. ते निघायच्या बेतात होते तेवढ्यात गंगाबाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या पदराआड समृद्धी.

मनासेंनी खड्ड्याचं चित्र काढलेलं तेरावं पान मुलांपुढे जमिनीवर ठेवलं आणि ते भिंतीला धरून उठले. “मुलांनो, खादाडबुवाच्या गोष्टीत चूक होती. समृद्धीनं त्याचं ऐकलं. बुवानंच खोटं सांगितलं. माशांचं जे उरतं ते पिंपात नाही, झाडाखाली खड्ड्यात घालायचं. बुवाच्या तोंडी ते खोटं मी घातलं. त्या दिवशी मी गप्प बसलो, तीही माझीच चूक.”

 अथर्वनं विचारलं, “मग आजोबा, तुम्ही हात धुतले?”

“अथर्व!” बाई ओरडल्या.

“नाही धुतले,” मनासे म्हणाले. ते हळूहळू नळापाशी गेले, वाकले आणि सगळ्यांसमोर साबणानं दोनदा हात धुतले. नळ मुलांच्या उंचीचा होता. परत सरळ व्हायला त्यांना वेळ लागला. कुणी हसलं नाही.

वळून बघतात तर समृद्धी आत आली होती. जमिनीवर ठेवलेल्या नव्या पानापुढे ती उकिडवी बसली होती.

“पाला कमी हाय,” ती म्हणाली. “वास येल.”

तिनं तपकिरी खडू उचलला, पालथी पडली आणि खड्ड्यावर पाला काढू लागली. अथर्व तिच्या कोपराला ढोसून शेजारी आडवा झाला.

“पिंप जाणारच, काका,” विनिताबाई हळूच म्हणाल्या. “खड्ड्याचं विचारून बघते. नक्की नाही सांगत.”

मनासेंनी मान हलवली. ते खुर्चीवर टेकले. आता घरी चालत जायचं होतं, पण इतक्यात उठवणार नव्हतं. खाली समृद्धी अथर्वला रागावत होती, “असा नाय रे. जाड दे. अजून जाड.”