भिंतीवरचा चेहरा आणि बाथरूमचा पंखा

दारापासून मागच्या खोलीपर्यंत नुसत्या चपलाच चपला. जिन्यातही माणसं ताटकळत होती, आणि आपल्या पुढच्याला सगळं दिसतंय अशी प्रत्येकाची खात्री होती.

डॉक्टरीणबाई वाट काढत आत शिरल्या. दिवसभर दवाखान्यात खोकले ऐकून त्यांचे कान किटले होते. पण या घरातल्या दमेकरी मुलीच्या आईने फोन केला होता तो कुजबुजत, आणि अशा आईला उद्या येते म्हणणं त्यांना जमलं नाही.

मागच्या खोलीत भिंतीवरची भुतं उतरवणारे भिंतबाबा उभे होते. कपाटाशेजारच्या भिंतीवर काळा चेहरा उमटला होता, दोन डोळे आणि वाकडं तोंड. बाबांनी बाटलीतलं तेजोजल फडक्यावर ओतलं.

"काळतोंड्या! ओळखलं मी तुला! सात पिढ्यांचा उपाशी तू! चल, नीघ!"

फडकं भिंतीवर दाबलं गेलं. बघता बघता चेहरा फिका पडला आणि दिसेनासा झाला. गर्दीने हात जोडले. तेवढ्यात पलंगावर बसलेली ती मुलगी, घरातली लहान नात, धापा टाकू लागली.

"निघतोय! पोरीच्या छातीतून निघतोय!" बाबा गरजले. "कुणी हात लावू नका!"

"सरका बाजूला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोरीला उचलून त्या थेट पुढच्या गॅलरीत गेल्या आणि बॅगेतला दम्याचा पंप तिच्या तोंडाला लावला. श्वास हळूहळू जागेवर आला.

"हिचा स्वतःचा पंप कुठाय?"

आईने मान खाली घातली. "सासूबाईंनी गाठोड्यात बांधलाय. घरात औषध आहे तोवर चेहरा परत येणार, असं बाबा म्हणाले. उद्या वाहत्या पाण्यात सोडायचाय."

"आज माझ्या बॅगेत होता म्हणून निभावलं. उद्या दम लागला तर?"

डॉक्टरीणबाईंना एकदम फार थकल्यासारखं झालं. हीच वाक्यं किती घरांत बोलायची! पोर आईजवळ ठेवून त्या पुन्हा आत गेल्या. खिडक्या घट्ट बंद, दोरीवर ओले कपडे, आणि नाकाला झोंबणारा एक वास.

"आजी, खिडक्या का लावल्यात?" त्यांनी मुलीच्या आजीला विचारलं.

"तो खिडकीतून येतो ना! पुसला तरी परत येतो मेला, दर वेळी मोठा होऊन."

"शत्रू चिवट आहे, बाई," बाबा हसले. "तुम्ही पुस्तकं वाचता, आम्ही भिंती वाचतो."

"मग एक भिंत मलाही वाचू द्या."

त्यांनी खिडक्या उघडायला लावल्या, कपाट सरकवायला लावलं. मागे आणखी मोठा काळा डाग होता. घरातलंच कपडे पांढरे करायचं ब्लीच त्यांनी फडक्यावर घेतलं आणि डागावर दाबून धरलं. मंत्र नाही, गर्जना नाही. थोड्या वेळाने डाग फिका पडला.

"अगं बाई, वास तोच!" शेजारीण म्हणाली.

"तेज एकच, रूपं अनेक," बाबा म्हणाले, आणि बाटली झोळीत टाकली.

"ही बुरशी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ब्लीचने तिचा रंग उडतो. भिंत ओली राहिली की ती पुन्हा येते. आणि पोरीच्या छातीतून कुणी निघत नव्हतं, या वासानेच तिला दम लागला."

"भिंत ओली कशी असेल?" मुलीचे वडील चिडले. "गळती नाही. खोलीला लागून असलेल्या आमच्या बाथरूमला हवा बाहेर फेकणारा पंखा आहे, रोज लावतो."

पंखा लावला. घरघर जोरात सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी स्टुलावर चढून जाळीला कागदाचा तुकडा लावला. तो खाली पडला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. जाळीवर प्लास्टिक ताणून बसवलं होतं, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून.

"हे काय?"

"नवा पंखा आहे," आजी म्हणाल्या. "मळू नये म्हणून."

या घरात सोफ्यापासून रिमोटपर्यंत सगळं प्लास्टिकमध्येच होतं. कुणीतरी खुदकन हसलं. हसू डॉक्टरीणबाईंनाही येत होतं, पण अंगात त्राण नव्हतं. त्यांनी प्लास्टिक ओढून काढलं. या वेळी कागद जाळीला चिकटून राहिला. अंघोळीची वाफ इतके दिवस बाहेर न जाता मागच्या खोलीत शिरत होती आणि कपाटामागच्या गार भिंतीवर बसत होती. ओल्या कपड्यांची त्यात भर.

तोवर बाबांनी जिना गाठला होता. दोघं-तिघं त्यांच्या मागे धावली. त्यांच्याही भिंतीवर चेहरा होता.

आजी पलंगाच्या कडेवर बसल्या. "मी तिचं औषध पाण्यात सोडणार होते," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. गाठोड्याची गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी सोडवली आणि पंप हातात घेतला.

"आणि तो चेहरा परत आला तर?"

"येईलही. भिंत वाळायला वेळ लागतो. रोज खिडक्या उघडा, अंघोळीनंतर पंखा बराच वेळ चालू ठेवा, त्याची जाळी पुसत जा, कपडे गॅलरीत वाळवा. पण कुणी म्हणालं म्हणून हिचं औषध बंद करू नका. कुणीही काही सांगितलं की 'का' म्हणून विचारा. मलासुद्धा. उत्तर नीट तपासून घ्या, मगच माना."

डॉक्टरीणबाईंनी बॅग उचलली. पाय घरच्या वाटेला लागले होते.

आजींनी पंप उलटसुलट करून पाहिला. "मग सांगा," त्या म्हणाल्या, "हा आत जाऊन नेमकं करतो काय?"

डॉक्टरीणबाईंनी बॅग खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसल्या.