पार्लेंट नव्हे, पार्ल

उमरग्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात शुभांगी मॅडम फ्रेंच शिकवायच्या. त्या स्वतः पुस्तकांवरून शिकलेल्या. फ्रेंच बोलणारं माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. क्रियापदाचं रूप तोडून फळ्यावर लिहायचं आणि वर्गाकडून मोठ्यानं म्हणून घ्यायचं, ही त्यांची रीत. ‘ते बोलतात’ म्हणजे इल पार-लेंट. लेखी परीक्षेत पोरांना भरपूर मार्क पडायचे, त्यामुळं उच्चाराचं कुणी विचारलंच नाही.

तीन वर्षांपूर्वी मोबाईलवर एका फ्रेंच बाईचा धडा ऐकताना त्यांना कळलं, की शेवटची ई-एन-टी ही तीन अक्षरं नुसती लिहायची असतात, बोलायची नसतात. ‘तो बोलतो’ असो की ‘ते बोलतात’, कानाला दोन्हीकडं पार्ल एवढंच. मॅडमनी धडा मध्येच बंद केला. दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा पार-लेंटच म्हणून घेतलं. आजवर चुकीचं शिकवलं, हे पोरांपुढं कबूल करायला जीभ रेटली नाही.

यंदा श्रीदेवी पुण्याला हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलाखतीला गेली. हायवेवर टायरचं दुकान असलेल्या शरणबसप्पांची ही मुलगी, वर्गात सगळ्यांत हुशार. तिथं तिला फ्रेंच उतारा वाचायला दिला. दुसऱ्याच ओळीला समोरचे दोघं हसले. कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, माझं मीच शिकले. तिची निवड झाली नाही.

हे सगळं मॅडमना तिच्या मैत्रिणीकडून कळलं. ‘माझं मीच’ हे शब्द ऐकून त्यांना स्टाफरूममध्ये बसवेना. त्या तडक दुकानावर गेल्या.

शरणबसप्पांनी हातातली पकड ठेवून खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. तुमच्यामुळं पोरगी पुण्यापर्यंत तरी गेली, असं ते म्हणाले, तेव्हा मॅडमना मान वर करता येईना. श्रीदेवी आतून येऊन उभी राहिली.

“चूक तिची नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी चुकीचं शिकवलं. आणि मला तीन वर्षांपासून ठाऊक होतं.”

शरणबसप्पांनी आधी पोरीकडं पाहिलं, मग मॅडमकडं.

“ठाऊक असून?” त्यांनी विचारलं.

“होय.”

चहा आला. कुणी कप उचलला नाही. मग ते हळूच म्हणाले, “बरोबर काय ते तरी सांगा तिला.”

मॅडमनी सांगितलं. श्रीदेवीनं खाली बघतच म्हटलं, “इल पार्ल.” उच्चार अगदी साफ होता. शिकवायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं, आणि तेच मॅडमना सर्वांत जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सगळं सांगितलं, जुन्या पोरांनाही फोन लावायला सुरुवात केली. काहींनी हसून सोडून दिलं, एकानं फोन मध्येच ठेवला. श्रीदेवी पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत देणार आहे. संध्याकाळी ती उच्चार शिकायला येते, नीट शिकते. पण पूर्वीसारखी मॅडमशी गप्पा मारत थांबत नाही. मॅडमही तिला थांब म्हणत नाहीत.