मला कुणी उतरवू देईना

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. माझ्यावर लाल अक्षरांत एकच शब्द आहे, 'गंभीर'. घाबरू नका मित्रांनो, स्वभावाने मी तशी नाही.

दवाखान्याच्या रंगाऱ्याने आम्हा तिघी बहिणींना एकाच दुपारी रंगवले. मी थोरली, मधली 'स्थिर' आणि धाकटी 'सुधारणा'. माझ्यावर त्याने रंगाचा हात इतका सैल सोडला, की धाकटीच्या वाट्याला डब्याच्या तळाची खरवड आली. तिला जवळ जाऊन वाचावे लागते. मी दारातूनच दिसते.

खाटेच्या पायथ्याशी लटकायचे, हे आमचे काम. मधलीला पाहून लोक हुश्श करतात. खरे तर ती एवढेच सांगते, की काल होते तसेच आज आहे. मला पाहून मात्र भलेभले दारातच थबकतात. मग ते मोठ्या डॉक्टरांना गाठतात, "बरं होण्याची शक्यता किती?" डॉक्टर सगळ्यांना सांगतात, "पन्नास-पन्नास." त्यामुळे त्यांचा अंदाज कधी चुकत नाही.

मला मायेने हात लावला तो एका शिंपीणआजींनी. त्यांची दोन मुले शेजारी-शेजारी राहत. मधल्या भिंतीत कुणी खिळा ठोकला, यावरून दोघांत कित्येक वर्षे अबोला होता. पण दवाखान्याच्या नियमाने मी असले की दोन नातेवाइकांना दिवसभर बसता येते, आणि 'स्थिर' किंवा 'सुधारणा' आली की एकालाच. त्यामुळे दोघे एकाच बाकावर, तोंडे फिरवून बसत.

एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही बऱ्या झालात. पाटी बदलू."

आजींनी मला घट्ट धरले. "मी झाले हो. माझी मुलं अजून बरी नाहीत. काल थोरल्याने धाकट्यापुढे चहा सरकवला. आता ही काढलीत तर पाळ्या लावून येतील."

"खोटी पाटी मी लावत नसतो," डॉक्टर म्हणाले. मग दाराकडे वळत म्हणाले, "पण काढायला संध्याकाळी येतो."

दुपारी आजी मजेत बिस्किटे खात होत्या. मुलांची चाहूल लागताच घाईने आडव्या झाल्या आणि त्यांना जोरदार ठसका लागला. धाकट्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"दादा, डॉक्टरांना बोलव!"

"तू आईजवळ थांब, मी पळतो."

आजींनी एक डोळा उघडला. ओठांवर बिस्किटाचा चुरा होता. "काय म्हणालात? परत म्हणा."

संध्याकाळी डॉक्टरांनी मला उतरवले आणि माझ्या धाकट्या बहिणीला, 'सुधारणा'ला, लावले. मला खूप आनंद झाला. दुसऱ्या दिवशी एकालाच आत सोडणार होते, तर दोघे दारातच अडले. "दादा, तू जा." "नको, तू जा." शेवटी वैतागून सिस्टरने दोघांनाही आत ढकलले.

मित्रांनो, मला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा, गंजू देऊ नका. आणि आईला भेटायला माझी वाट पाहू नका. दर वेळी ती बिस्किटे खात असेलच, असे नाही.