झोपलेले साक्षीदार

"निजा गं बाळांनो, मी इथंच आहे दारात."

त्या आवाजाला चेहरा नव्हता. लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून खाटा, दिवे मालवलेले. दाराच्या फटीतून उजेडाचा एक पिवळा पट्टा आत येई आणि त्याच्याबरोबर एका बाईचा आवाज, कोमट दुधासारखा. मग तो आवाज गाऊ लागे:

निजली नदीबाई, निजलं गं रान,
वाऱ्याच्या मांडीवर निजलं एक पान.

रात्रपाळीच्या बाईनं एकटीनं उंबरा ओलांडायचा नाही, असा त्या अनाथ मुलींच्या घराचा नियम होता. ती ओलांडत नसे. कुणी रडलं तर खालच्या मजल्यावरच्या बाईंना हाक मारी, आणि त्या आल्या की दोघी मिळून अंधारातच आत येत. आवाज मात्र खाटेखाटेवरून फिरून जायचा, पांघरूण सारखं केल्यासारखा.

इतक्या वर्षांनी तोच आवाज संस्थेच्या बाहेरच्या बाकावरून आला. शिपायाकडे पाणी मागत होता.

आत टेबलाशी बसलेल्या तिनं कानाला लावलेला फोन हळूच खाली ठेवला. पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो म्हणत राहिलं.

तिला कचेरीत तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे चाळणी. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि चाळणीचा तिला थोडा अभिमानच होता. ज्यांचं घरी कुणी नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, अशा मुलांना ही संस्था सांभाळायची. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायला, गोष्टी सांगून त्यांना निजवायला बाहेरून स्वयंसेवक यायचे. आत सोडण्याआधी प्रत्येकाची चौकशी करायची, हे तिचं काम. पोलिसांचा दाखला, आधीची कामं कुठली आणि ती का सुटली, आणि दोन माणसांची साक्ष. त्यातला एक तरी साक्षीदार असा हवा, ज्यानं त्या माणसाला मुलांमध्ये वावरताना पाहिलंय. ती साक्षीदारांना फोन करी आणि ते कुठं अडखळतात तिकडे कान लावून बसे. 'हो, चांगलाय तो' म्हणायच्या आधी माणूस जो श्वास घेतो, त्यात तिला बरंच काही ऐकू यायचं. साखरेसारखं बोलणाऱ्या कितीजणांना तिनं दारातूनच वाटेला लावलं होतं, आणि त्याबद्दल तिला कधी हळहळ वाटली नव्हती.

स्वयंसेवक व्हायला आलेल्या त्या आजी आत आल्या. उंच, वाळलेल्या, पायात कापडी बूट, हातात पिशवी. खिडकीतलं ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांतून आरपार जात होतं, आणि तिला वाटलं, खोली जरा हलतेय, तळाशी पाणी असल्यासारखी. म्हणजे त्या आवाजाला चेहरा होता तर. नाकाशी तीळ होता. आपण तो कधीच पाहिला नाही.

तिनं नेहमीचे प्रश्न विचारले. त्यातला एक ती सगळ्यांनाच विचारायची: एखादं मूल म्हणालं, एक गुपित सांगते पण कुणाला सांगू नका, तर काय कराल? बहुतेक लोक छातीवर हात ठेवून म्हणतात, नाही सांगणार. तिथंच ते नापास होतात.

"वचन नाही देणार," आजी म्हणाल्या. "आधीच सांगेन, की पोरी, हे माझ्या पोटात राहायचं नाही. पण सांगायला जाऊ तेव्हा तुला बरोबर नेईन, तुझ्या माघारी नाही."

चाळणीनं मान खाली घातली आणि लिहीत असल्यासारखं केलं.

मग आधीचं काम. मुलींच्या घरात रात्रपाळी, त्या म्हणाल्या. का सोडलंत? सुटलं. कसं सुटलं? आजी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

"आता सांगून काय, बाळ? कोण खरं मानणार? साक्षीला होते ते सगळे झोपलेले."

ते कसं सुटलं, हे तिला माहीत होतं. आजींखेरीज जगात आता बहुधा तिलाच माहीत होतं. एकदा अंगाई चालू असताना जिन्यावर बुटांचा आवाज झाला होता. त्या घराला पैसा पुरवणारे एक बडे गृहस्थ. जेवणघरात त्यांची तसबीर होती, आणि मुली तिच्याखाली बसून जेवायच्या. ते दारात येऊन हळू आवाजात म्हणाले, बाजूला व्हा, मला पोरींना पाहायचंय. खिडकीजवळच्या खाटेवरून दाराखालची फट दिसायची. उजेडाच्या पट्ट्यात चकचकीत बूट होते आणि त्यांच्यासमोर दोन अनवाणी पावलं. बूट पुढं सरकले. पावलं हलली नाहीत. गाणं मात्र चढत गेलं. नदीबाई चढली, रान चढलं, अंगाईची आरोळी झाली, शेजारच्या खिडक्या उघडल्या, खालच्या बाई धावत वर आल्या, दिवे लागले, मुली दचकून उठल्या आणि रडायला लागल्या. गृहस्थ म्हणाले, या बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेर दुसरीच बाई बसू लागली. ती गात नसे. पहिलीला वाईट वागणुकीमुळे काढलं, असं मुलींना सांगण्यात आलं.

हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं, तर आपण त्या खोलीत काय करत होतो, तेही सांगावं लागलं असतं.

कारण तिला एक मामा होता. लग्न ठरताना माहेरी कोण कोण, असं विचारलं गेलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं की मामानं वाढवलं, आता तोही गेला. तेवढ्यावर भागलं असतं, पण सासूबाई चौकस. मामा काय करायचे? घड्याळं दुरुस्त करायचे. तब्येतीनं कसे? पायानं जरा अधू. असा तो मामा वर्षागणिक मोठा होत गेला. त्याला मांजर आलं, खोकला आला, तपकिरी कोट आला. सासूबाईंचा तर त्याच्यावर भारी जीव. घरात तिच्या नवऱ्यानं काही सांडलं-लवंडलं की त्या सुनेकडे बघून म्हणायच्या, "तुझ्या मामांसारखा माणूस मिळायला नशीब लागतं. नाहीतर हे आमचं ध्यान." नवरा हसायचा. तीही हसायची.

संस्थेत लागताना तिचीही चौकशी झाली होती. तिथंही मामाच पुढं आला. स्वतःबद्दल खोटं सांगणाऱ्याला इथं थारा नाही, हा नियम पुढं तिनंच कडक करून घेतला होता.

पोलिसांचा दाखला स्वच्छ आला. पहिली साक्ष आजींच्या घराखालच्या बेकरीवाल्याची. तो फोनवर म्हणाला, बाई रोज माझ्या पावाला नावं ठेवतात आणि रोज माझ्याकडूनच नेतात, याहून वाईट त्यांच्याबद्दल मला काही सांगता यायचं नाही. तो कुठं अडखळला नाही. पण त्यानं त्यांना मुलांमध्ये पाहिलेलं नव्हतं. ते मुलींचं घर केव्हाच बंद पडलं होतं, तिथं आता गाड्या धुतात. तिथल्या खालच्या बाई वारल्या होत्या.

संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, काम का सुटलं ते सांगत नाहीत, मुलांमध्ये पाहिलेलं कुणी नाही, मग कशाच्या जोरावर आत घेऊ? उद्या त्यांना बोलावून नाही म्हणून सांगू. तुम्हीच हे मला शिकवलंत ना, ताई?

शिकवलं होतं. आणि ते बरोबरच होतं. त्यानंच तर मुलं सुखानं निजत होती.

संध्याकाळी ती घराकडे निघाली. दुकानांची शटर्स एकेक करून खाली येत होती, रस्त्यावर निळसर उजेड साचला होता, आणि मामा नेहमीसारखा बाजूनं चालत होता, एक पाय ओढत, कोटाच्या खिशात हात घालून. तिनं त्याला मनातल्या मनात विचारलं, मी बोलले तर तू कुठं जाशील रे? नोकरी जाईल. सासूबाई म्हणतील, इतकी वर्षं आम्ही कुणावर जीव लावला? कोपऱ्यावर एक घड्याळांचं दुकान होतं, त्याच्या काचेशी तो थांबला. ती चार पावलं पुढं गेली, मागं वळली. तो आत लटकलेली घड्याळं बघत उभा होता, पाठमोरा, कोटाचा रंग हळूहळू भिंतीत मिसळत चाललेला. तिनं हाक मारली नाही. एकटीच घरी आली, जेवली, आणि सासूबाईंनी काही विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत आजी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. मोठ्या बाई हळुवारपणे बोलत होत्या. राग मानू नका, तुमच्यावर संशय नाही, पण मुलांच्या बाबतीत आम्हाला अंधारात पाऊल टाकता येत नाही. शेवटचं विचारते, ते काम का सुटलं? आजी म्हणाल्या, सुटलं, बाई. बरोबरच आहे तुमचं. मीही तुमच्या जागी नाहीच म्हटलं असतं. आणि त्या उठायला लागल्या. गुडघ्यावर हात टेकला, पिशवी सावरली.

"ही चौकशी माझ्याकडून काढून घ्या, बाई," चाळणी म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

मोठ्या बाईंनी वर पाहिलं. ओळखीच्या आहेत का, त्यांनी विचारलं.

"चेहऱ्यानं नाही." तिनं टेबलाची कड धरली. "मला मामा नव्हता, बाई. कुणीच नव्हतं. ते मी तुम्हालाही खोटं सांगितलं आणि घरीही. मी त्याच घरात वाढले, यांच्या दाराच्या आत, खिडकीजवळच्या खाटेवर. यांनी कुणाला अडवलं आणि कशासाठी, ते मी सांगते. दुसरी साक्ष माझी घ्या. मग माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

आजी अर्धवट उठलेल्या तशाच राहिल्या होत्या. ती त्यांच्याकडे वळली.

"सगळे झोपलेले नव्हते, आजी. मी जागी होते."