बेटावरची झाडं

मित्रांनो, मी वाळूची एक जुनी पेटी आहे. १९६८ च्या हिवाळ्यात ग्रीसच्या डोंगरातल्या एका शाळेत जे घडलं, ते आठवलं की माझ्या फळ्या अजून आवळून येतात.

झिसिस सुताराने मला घडवलं आणि नदीची बारीक वाळू माझ्यात भरली. शाळेला खोली एकच, सगळे वर्ग तिच्यातच. पण मेल्पोबाई सगळ्यांना एकच धडा देत नसत. लाम्ब्रोसच्या घरी शेळ्या, म्हणून तो माझ्यात गोठे आखून गणित शिके. आर्गिरो मात्र पुस्तक उघडतच नव्हती. तेव्हा राज्य लष्कराचं होतं. तिच्या वडिलांना पकडून एका बेटावर ठेवलं होतं आणि त्या बेटाचं नाव गावात कोणी घेत नसे.

"तुला काय शिकायचंय, पोरी?" बाईंनी विचारलं.

"बाबा आहेत तिथं कसं जायचं, ते."

बाईंचा हात माझ्या काठावर होता. त्यांनी तो काढून आधी दार लावून घेतलं. तरी दुसऱ्या दिवसापासून आर्गिरोचे सगळे धडे त्यांनी त्या बेटावरूनच आखले. आगबोट तिथे कशी जाते, वारा कुठून येतो, पत्रात काय लिहावं. आर्गिरो वाचू लागली. माझ्या वाळूत तिने ते बेट उभं केलं. तिथे एकही झाड नाही, असं वडिलांनी कळवलं होतं, म्हणून बोडकंच ठेवलं.

"अगं, हे तर माझ्या आजोबांचं टक्कल!" लाम्ब्रोस म्हणाला. तीही हसली.

आणि एका सकाळी, न कळवता, तपासनीस साहेब आले. वाळू सपाट करायलाही वेळ मिळाला नाही. बेट ओळखलं गेलं, तर बाईंनाही तिकडेच धाडतील, हे लहानग्यांनाही ठाऊक होतं.

साहेब माझ्यावर वाकले. "हे कुठलं बेट?"

बाई आर्गिरोच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"इथाकी, साहेब," आर्गिरो पुटपुटली.

"माझा जन्म तिथला. इथाकीवर झाडं आहेत, मुली."

मग लाम्ब्रोस शेगडीजवळच्या काटक्या घेऊन आला. "झाडं लावायची राहिलीत, साहेब. ही आळशी आहे ना एक नंबरची!" त्याने एक काटकी रोवली. मग दुसरं मूल उठलं, मग तिसरं. शेवटची आर्गिरोने लावली. तिने ती इतक्या घाईने खुपसली की वाळू ढासळली.

साहेबांनी ती वाळू बोटाने नीट दाबली, हात झटकले आणि निघून गेले.

त्यांनी काय लिहिलं, कधी कळलं नाही. वसंतात बाईंची बदली पार सीमेवर झाली. तिथेही त्या प्रत्येक मुलाला वेगळं काही शिकवत राहिल्या. नव्या गुरुजींनी सगळ्यांना एकच पान पाठ करायला लावलं आणि मला आहे तशीच सरपणाच्या कोठीत ठेवलं. लाम्ब्रोस जर्मनीत कामाला गेला. निवृत्त झाल्यावर साहेब इथाकीला जाऊन राहिले म्हणतात. लष्कराचं राज्य गेलं, तेव्हा आर्गिरोचे वडील परतले. तिने त्यांना कोठीत आणून मला दाखवलं. काटक्या तशाच उभ्या होत्या.

"एवढी सावली तिथं कधीच नव्हती गं," ते म्हणाले.

आर्गिरो पुढे शिक्षिका झाली.

मित्रांनो, मी कोठीतच राहिले तरी चालेल. पण एखादं मूल वाळूत काही काढत असलं, तर पुसण्याआधी ते कुठे निघालंय, एवढं त्याला विचारा.